पाऱ्याच्या दोन भाषा
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत बुढापारा, रायपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत संतवाङ्मय, नाट्यसंगीत, इतिहास असे भारदस्त विषय घेतले जात असताना आम्ही तापमानाच्या हिशेबावर बोलणार हे कळल्यावर काही मित्रांनी भुवया उंचावल्या. त्यांना आम्ही एवढेच सांगितले की, हे व्याख्यान बुढापाऱ्यात व्हावे यातच त्याचे औचित्य आहे. छत्तीसगढीत पारा म्हणजे वस्ती, आणि आपल्या मराठीत पारा म्हणजे तापमापकाच्या काचेच्या नळीत चढणारा तो चंचल धातू. बुढापारा, तात्यापारा या वस्त्यांमधून पिढ्यान् पिढ्या नांदणाऱ्या मराठी घरांना या शब्दाचे दोन्ही अर्थ ठाऊक आहेत, आणि मे महिन्यात ते दोन्ही एकाच वेळी अनुभवावयास मिळतात. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. पदार्थविज्ञानाशी आमचा शास्त्रोक्त संबंध शाळेबरोबरच संपला. त्यामुळे आजचे विवेचन गृहस्थाने गृहस्थांशी करावे तसेच होईल.

प्रश्न साधा आहे. आपल्या घरात उष्णतेच्या दोन भाषा बोलल्या जातात. बाहेरच्या हवेची भाषा सेल्सिअस, अंगातल्या तापाची भाषा फॅरनहाइट. "आज चव्वेचाळीस होते" असे कोणी म्हटले की ते हवेविषयी आहे आणि "रात्री एकशे दोन होता" असे म्हटले की तो तापाविषयी आहे, हे कोणीही न सांगता आपण समजून घेतो. ज्यांची मुले अमेरिकेत आहेत त्यांच्याकडे हवेची भाषाही बदलते. तेथून मुलगा दूरध्वनीवर सांगतो, "आज नव्वद आहे, फार उकडते आहे," आणि येथे आई घाबरते. नव्वद अंश फॅरनहाइट म्हणजे सुमारे बत्तीस अंश सेल्सिअस. रायपुरात मे महिन्याच्या दुपारी पारा बत्तिशीवर आला, तर आपण आभाळाचे आभार मानू!

या दोन भाषा जन्मल्या कशा, ते थोडक्यात पाहू. डॅनिएल गॅब्रिएल फॅरनहाइट हा डान्झिग येथे १६८६ मध्ये जन्मलेला आणि पुढे हॉलंडात स्थायिक झालेला उपकरण बनवणारा कारागीर. पाऱ्याचे विश्वसनीय तापमापक त्याने घडवले आणि १७२४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आपली मोजपट्टी मांडली. बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणाचा गारवा हे त्याचे शून्य, बर्फ आणि पाणी यांचे मिश्रण बत्तीस, आणि निरोगी माणसाच्या अंगाची ऊब शहाण्णव. पुढे पाण्याचा उत्कलनबिंदू २१२ ठरवून ही पट्टी नेमकी करण्यात आली, तेव्हा अंगाची ऊब शहाण्णवावरून अठ्ठ्याण्णवाच्या पुढे सरकली.

दुसरा गृहस्थ अँडर्स सेल्सिअस, स्वीडनमधील उप्साला येथील खगोलशास्त्रज्ञ. त्याने १७४२ मध्ये पाण्याच्या गोठण्याच्या व उकळण्याच्या बिंदूंमध्ये शंभर भाग कल्पिले. गंमत अशी की, त्याच्या मूळ पट्टीत उकळणारे पाणी शून्यावर आणि गोठणारे पाणी शंभरावर होते. १७४४ मध्ये तो वारला आणि लवकरच ती पट्टी उलटी होऊन आजच्या रूपात रूढ झाली. आपल्या वडील पिढीने तिला सेंटिग्रेड म्हटले. १९४८ मध्ये आंतरराष्ट्रीय परिषदेने सेल्सिअस हे नाव मुक्रर केले. हवेचा दाब कमी झाला की पाणी कमी तापमानाला उकळते, हेही सेल्सिअसने नोंदवले होते. रायपूर समुद्रसपाटीपासून सुमारे तीनशे मीटर उंचीवर आहे, म्हणून आपल्या चहाचे आधण शंभराऐवजी नव्व्याण्णवाच्या आसपासच उकळते.

आपल्या देशात इंग्रजी अमदानीबरोबर फॅरनहाइट आला. स्वातंत्र्यानंतर १ एप्रिल १९५७ रोजी आणे-पै जाऊन नवे पैसे आले. वजने व मापे यांच्या १९५६ च्या कायद्यानुसार १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने शेर, मण, तोळे जाऊन किलो-ग्रॅम आले. दशमान पद्धती रुळत गेली तशी हवामानवार्ताही सेल्सिअसमध्ये स्थिरावली. परंतु घराघरातील कपाटात जपून ठेवलेली ती तापाची काचनळी मात्र फॅरनहाइटच बोलत राहिली. सोनाराकडे तोळा टिकला, तसा आजारपणात फॅरनहाइट टिकला.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. शेराचा किलो करणे सोपे, कारण दोन्ही मापांचे शून्य एकच. काहीच माल नसेल तर शेरही शून्य आणि किलोही शून्य. तेथे फक्त गुणाकार करावा लागतो. याच्या उलट उदाहरण आपल्या पंचांगात आहे. शालिवाहन शक आणि इसवी सन या दोहोंत वर्ष साधारण सारखेच मोठे, पण आरंभ वेगळा. पाडव्यानंतरच्या तारखांसाठी इसवी सनातून ७८ वजा केले की शक मिळतो. तेथे गुणाकार नाही, केवळ वजाबाकी आहे. तापमानाच्या बाबतीत हे दोन्ही भेद एकत्र आले आहेत. अंशाचा आकारही वेगळा आणि आरंभही वेगळा. गोठणे ते उकळणे या अंतराचे सेल्सिअसने शंभर भाग केले, फॅरनहाइटने एकशे ऐंशी. म्हणून सेल्सिअसचा एक अंश म्हणजे फॅरनहाइटचे १.८ अंश, अर्थात नऊ पंचमांश. आणि सेल्सिअस जेथे शून्य म्हणतो तेथे फॅरनहाइट बत्तीस म्हणतो. तेव्हा शेराचा गुणाकार आणि शकाची बेरीज-वजाबाकी एकापाठोपाठ एक केली की रूपांतर झाले. सेल्सिअसला नवाने गुणा, पाचाने भागा, बत्तीस मिळवा. उलट जावयाचे असल्यास आधी बत्तीस वजा करा, मग पाचाने गुणून नवाने भागा. क्रम चुकला की उत्तर चुकले.

तोंडी हिशेबासाठी याहून सुटसुटीत रीत आहे. सेल्सिअसची दुप्पट करा, त्या दुपटीतून तिचाच दहावा भाग काढून टाका आणि बत्तीस मिळवा. चव्वेचाळिसाची दुप्पट अठ्ठ्याऐंशी; त्यातून ८.८ गेले, राहिले ७९.२, बत्तीस मिळवून १११.२. हे अंदाजी उत्तर नव्हे, नेमके उत्तर आहे. परतीच्या वाटेवर बत्तीस वजा करून निम्मे करा आणि त्या निम्म्यात त्याचाच नववा भाग मिळवा. एकशे चारातून बत्तीस गेले, बहात्तर; निम्मे छत्तीस; छत्तिसाचा नववा भाग चार; झाले चाळीस.

काही जण 'दुप्पट करून तीस मिळवा' एवढ्यावर भागवतात. दहा अंशांना हे तंतोतंत जुळते, परदेशातील गार हवेतही चालून जाते. परंतु चव्वेचाळिसाला ही रीत ११८ असे उत्तर देते, म्हणजे जवळजवळ सात अंशांची चूक. तापाला तर ती लावूच नये. अडतीस अंश म्हणजे १००.४, साधा ताप; या रीतीने तो १०६ होईल आणि घरात रडारड सुरू होईल.

हिशेब नको असेल त्यांनी पाढा पाठ करावा. सेल्सिअसचे दर दहा म्हणजे फॅरनहाइटचे अठरा. शून्याला बत्तीस, दहाला पन्नास, विसाला अडुसष्ट, तिसाला शहाऐंशी, चाळिसाला एकशे चार. मुलांसाठी आणखी एक गंमत : सोळा अंश सेल्सिअस म्हणजे जवळजवळ एकसष्ट फॅरनहाइट, आणि अठ्ठावीस म्हणजे जवळजवळ ब्याऐंशी. आकडे उलटे केले की काम झाले. शून्याखाली चाळिसावर मात्र दोन्ही पट्ट्या एकच आकडा दाखवतात. तेथे भाषांतराची गरजच उरत नाही.

येथे एका सूक्ष्म पण महत्त्वाच्या भेदाकडे आपले लक्ष वेधावयाचे आहे. तापमान आणि तापमानातील फरक या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पुन्हा शकाचेच उदाहरण घेऊ. बालपणीचे विवेकानंद, तेव्हाचे नरेंद्र, १८७७ मध्ये आपल्या या बुढापाऱ्यात वास्तव्यास आले. पाडव्यानंतरचे वर्ष धरल्यास तो शके १७९९ होय. भारत १९४७ मध्ये स्वतंत्र झाला, तेव्हा शके १८६९ होता. मधले अंतर इसवी सनाने सत्तर वर्षे आणि शकानेही सत्तरच. अंतर मोजताना ते ७८ आपोआप गळून पडतात. त्याच न्यायाने दोन तापमानांतील फरकाचे रूपांतर करताना ते बत्तीस गळून पडले पाहिजेत. तेथे केवळ १.८ ने गुणावे.

भारतीय हवामान खात्याची उष्णतेच्या लाटेची एक कसोटी पाहा. मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान चाळीस अंश असावे आणि ते सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी चढलेले असावे. परदेशातील नातवाला हे फॅरनहाइटमध्ये समजावून सांगावयाचे झाल्यास एकाच वाक्यात दोन निराळे हिशेब करावे लागतील. चाळीस अंश हे तापमान आहे, म्हणून १०४. साडेचार अंश हा फरक आहे, म्हणून ८.१. तो साडेचारही बत्तिसासह फिरवला तर ४०.१ येईल, आणि पारा सरासरीपेक्षा चाळीस अंशांनी चढला असा अनर्थ होईल. डिसेंबर २०१५ च्या पॅरिस करारात पृथ्वीची तापमानवाढ दीड अंशाच्या मर्यादेत राखण्याचे प्रयत्न करण्याचे ठरले. हा दीड अंश फॅरनहाइटमध्ये २.७ होतो. त्यातही बत्तीस मिसळून ३४.७ करणारे अनुवादक अधूनमधून भेटतात.

याच्याच जोडीला आणखी एक भ्रम आहे. काल वीस अंश होते, आज चाळीस आहेत, म्हणून उष्णता दुप्पट झाली असे म्हणता येत नाही. फॅरनहाइटमध्ये तीच तापमाने ६८ आणि १०४ होतात. तेथे दुप्पट कोठे गेली? या दोन्ही पट्ट्यांचे शून्य माणसाने आपल्या सोयीने ठेवलेले आहे, जसा सनाचा आरंभ ठेवला आहे. उष्णतेचे खरे शून्य सेल्सिअसच्या शून्याखाली २७३.१५ अंशांवर आहे. लॉर्ड केल्व्हिनच्या नावाची मोजपट्टी तेथून सुरू होते.

आता तापाकडे येऊ. निरोगी शरीराचे तापमान ९८.६ हा आकडा आपल्या मनावर कोरला गेला आहे. तो आला कोठून? कार्ल वुंडरलिश या जर्मन वैद्याने हजारो रुग्णांच्या काखेत तापमापक धरून असंख्य नोंदी केल्या आणि १८६८ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याने सरासरी सांगितली ती ३७ अंश सेल्सिअस. हा पूर्णांक, स्थूलमानाने घेतलेला. इंग्रजी वाचकांसाठी त्याचे रूपांतर झाले तेव्हा ९८.६ आले, आणि त्या शेवटच्या सहा दशांशामुळे आकड्याला एक खोटी नेमकेपणाची झळाळी चढली. मूळ विधानात जो नेमकेपणा नव्हता तो भाषांतराने निर्माण केला! १९९२ मध्ये अमेरिकेत निरोगी स्त्री-पुरुषांची नव्याने मोजणी झाली, तेव्हा सरासरी ९८.२ च्या आसपास भरली. शिवाय पहाटेचे तापमान कमी आणि सायंकाळचे अधिक असते. तेव्हा ९८.९ पाहून चिंता करणे किंवा ९७.८ पाहून अशक्तपणा आला असे समजणे, दोन्ही व्यर्थ.

परंतु ज्या ठिकाणी आकड्याचे मोल जिवाइतके असते, तेथे दुर्लक्ष परवडत नाही. २०१३ च्या मिनामाता करारानंतर जगभर पाऱ्याची उपकरणे मागे पडत चालली आणि त्यांच्या जागी विजेऱ्यांवर चालणारे, आकडा दाखवणारे तापमापक आले. त्यांतील पुष्कळांना एक बारीक कळ असते. ती दाबली गेली की फॅरनहाइटचे सेल्सिअस होते. आमच्या परिचयातील एका कुटुंबात घडलेली हकीकत सांगतो. मे महिन्यात लग्नाहून परतलेल्या सत्तरी ओलांडलेल्या आजी दुपारी असंबद्ध बोलू लागल्या. सुनेने तापमापक लावला, त्यात ४०.१ दिसले. घरातील वडील मंडळी म्हणाली, "बाहेर त्रेचाळीस आहे, आईंना चाळीसच आहे. थकल्या असतील, झोपू द्या." हवेच्या भाषेतला आकडा तापाला लावला गेला. सुदैवाने शेजारच्या काकू रुग्णालयात परिचारिका म्हणून काम केलेल्या. त्यांनी आकडा पाहताच सांगितले, "अहो वहिनी, हा एकशे चारच्या वर आहे. उठा!" तत्काळ ओल्या चादरी, पंखा, आणि पाठोपाठ रुग्णालय. आजी वाचल्या.

आपण रायपूरकरांनी हे लक्षात ठेवलेच पाहिजे की, शरीराचे तापमान चाळीस अंश सेल्सिअस, म्हणजेच १०४ फॅरनहाइट, झाले आणि त्यासोबत भ्रम किंवा बेशुद्धी आली, तर तो उष्माघात समजावा. माणसाला सावलीत न्यावे, अंग ओले करून वारा घालावा, शुद्ध हरपली असल्यास तोंडात पाणी ओतू नये आणि वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. नवतप्याच्या दिवसांत हवा शरीराहूनही गरम असते. अशा वेळी हवा अंगाची उष्णता काढून घेत नाही, उलट देते. घाम वाळणे हाच काय तो थंड होण्याचा मार्ग उरतो, आणि वृद्धांचा घाम कमी झालेला असतो. राजस्थानात फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी पारा एक्कावन्नावर, म्हणजे १२३.८ फॅरनहाइटवर गेला होता. तो वाळवंटाचा विक्रम म्हणून सोडून दिला, तरी आपले चव्वेचाळीसही लहान नाहीत. विरजण लावताना आपण दूध जितके कोमट ठेवतो, तितकीच ती हवा असते.

तापाचा छोटा पाढा असा : ३७ ला ९८.६, ३८ ला १००.४, ३९ ला १०२.२, ४० ला १०४. या चार जोड्या औषधाच्या डब्याच्या झाकणावर आतून चिकटवून ठेवाव्यात. कोणतेही यंत्र आणि कोणतीही कळ मग आपणास फसवू शकणार नाही.

परदेशी स्वयंपाकघराविषयी दोन शब्द बोललो नाही तर भगिनीवर्ग रागावेल. अमेरिकेतील पाककृतीत भट्टी ३५० वर ठेवा असे लिहिलेले असते. ते फॅरनहाइट, आपल्याकडचे सुमारे १७७, म्हणून येथे १८० ठेवले तरी नानकटाई उत्तम होते. याउलट येथून गेलेल्या आईने तिकडच्या भट्टीवर १८० लावले, तर ते होतील जेमतेम ब्याऐंशी सेल्सिअस, आणि नानकटाई सायंकाळपर्यंत कच्चीच राहील. तिकडे घराच्या भिंतीवर ७२ आकडा पाहून दचकू नये. तो बावीस सेल्सिअसचा सुखद गारवा आहे. कॅनडाने १९७५ मध्ये हवामानवार्ता सेल्सिअसमध्ये आणली, तरी तेथील भट्ट्या अद्याप फॅरनहाइटच बोलतात. घरात एक आणि बाहेर एक, हे आपल्याला काही नवीन नाही.

श्रोतेहो, आपण मराठी माणसे येथे घरात मराठी, बाजारात छत्तीसगढी आणि कचेरीत हिंदी बोलत आलो. एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना केवळ शब्द बदलून भागत नाही, बोलण्याचा आरंभ कोठून करावयाचा तेही बदलावे लागते, हे आपणास अनुभवाने ठाऊक आहे. तापमानाचेही तसेच आहे. उष्णता एकच, तिला सांगण्याच्या रीती दोन. कोणती श्रेष्ठ हा वाद निष्फळ होय. दोन्ही वाचता याव्यात आणि कोणती चालू आहे याचे भान असावे, एवढेच पुरे.

म्हणून आमची एकच विनंती आहे. यापुढे दूरध्वनीवर नातवाचा ताप विचाराल, हवा विचाराल, किंवा डॉक्टरांना रुग्णाची हकीकत सांगाल, तेव्हा नुसता आकडा सांगू नका; त्याच्यापुढे सेल्सिअस की फॅरनहाइट हे आवर्जून म्हणा. नाव सांगताना आडनाव सांगावे, तसे. मंडळाने पुढील वर्षीच्या दिनदर्शिकेत मे महिन्याच्या पानावर तापाच्या त्या चार जोड्या छापाव्यात, अशी सूचना आम्ही कार्यकारिणीपुढे ठेवतो.